घाम न येणाऱ्या मुलीचा तेंदूपत्ता

आमच्या गावात काहीही ठरवायचं असेल तर सगळ्यांचं 'हो' लागतं. बहुमत इथे चालत नाही. सगळं गाव हो म्हणालं आणि कोपऱ्यातून एक म्हातारी नाही म्हणाली, तर ती गोष्ट तिथेच थांबते. त्या म्हातारीला कोणी दटावत नाही की समजावायला जात नाही. सगळे नुसते बसून राहतात. बसण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही.

मी मूळची घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या वस्तीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं असायचं, आणि दिवसभर ट्रकांच्या खडखडाटात राहून आवाज सगळ्यांचेच मोठे झाले होते. नवरा तेव्हा तिकडे सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. मी त्याच्यावर भाळले, असं तो अजून गावभर सांगतो. खरं काय ते आमच्या गल्लीला माहीत आहे. लग्न करून धानोरा तालुक्यातल्या त्याच्या ह्या जंगलातल्या गावी आले आणि पहिली ग्रामसभा पाहिली, तेव्हा मला वाटलं की अर्ध्या माणसांना झोप लागली आहे. तळ्यातले मासे कधी काढायचे, एवढाच विषय होता. त्याला तीन बैठका लागल्या. मी नवऱ्याला म्हटलं, तोवर मासे म्हातारे होतील. तो म्हणाला, "होऊ दे ना. कुठी जाते ते?"

त्याच ग्रामसभेत, दोन वर्षांपूर्वी, अख्ख्या गावाचा तेंदूपत्ता माझ्या एकटीच्या 'नाही'पायी अडकून पडला. माझ्यावर ही वेळ आणली माझ्याच मुलीने.

माझ्या मुलीला घाम येत नाही. म्हणजे कमी येतो असं नाही, येतच नाही. घाम बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी तिच्या कातडीत जन्मापासूनच नाहीत. केस विरळ आहेत, दात मोजके आणि टोकदार. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे ऊन लागलं की ती तापत जाते, चुलीवरची कढई तापावी तशी. आणि देवाने तिला पाठवलं कुठे, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात. त्याच्याकडे महाबळेश्वरची जागा शिल्लक नसावी.

पहिली दोन वर्षं हे कोणाला कळलंच नाही. उन्हाळा आला की पोरीला ताप. आमच्याकडे तापाला एकच नाव, मलेरिया. रक्त तपासलं की काही निघायचं नाही, तरी गोळ्या सुरू. सासूबाईंनी मंत्र घातले, माझ्या आईने घुग्घुसहून ताईत पाठवला. शेवटी नागपूरला कातडीच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला घाम येतो का?" आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. तान्ह्या लेकराला घाम येतो की नाही हे कोण बघतं? आपण त्याचं रडणं बघतो, दूध बघतो, शी बघतो. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. ते माझ्या मुलीपेक्षा लांब होतं. नवऱ्याने परतीच्या बसमध्ये ते पाठ करायला घेतलं आणि आरमोरी येईपर्यंत अर्धं विसरला.

"ह्याला औषध नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. "हिला ओली ठेवा, सावलीत ठेवा. बाकी पोर ठणठणीत आहे." त्यातलं 'बाकी ठणठणीत' माझ्या कानात शिरलंच नाही. 'ओली ठेवा' मात्र सगळ्या गावाच्या कानात शिरलं, आणि असं शिरलं की निघता निघेना.

ती पहिलीत गेली तेव्हा मी गुरुजींना सगळं समजावून सांगितलं. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, गुरुजी एकच. माणूस भला, आणि शिस्तीचा इतका की घड्याळाने त्यांना विचारून चालावं. त्यांनी वर्गाच्या दाराशी, वारा येतो तिथे तिची जागा केली. शेजारी पाण्याचा माठ ठेवला. दर तासाला घंटा झाली की एका पोराने उठायचं, तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर ओतायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. पोरं घरी गोंडी बोलणारी. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. घंटा झाली की अख्खी शाळा ओरडायची, "येर, येर, येर." पाणी ओतायला पाळ्या लागल्या, पाळ्यांवरून मारामाऱ्या झाल्या. नावाची वही भिजायची, पाटी भिजायची, गुरुजींची पँट भिजायची. एका पोराने घरी जाऊन बापाला सांगितलं की मलाही घाम येत नाही.

पहिल्यांदा तर गुरुजींना ती काय बोलते तेच कळत नव्हतं. दात कमी असल्यामुळे तिचे शब्द सुटायचे. पोरगी मंद आहे की काय, अशी शंका त्यांनी माझ्याजवळ चाचरत काढली. मी चिडले. मी म्हटलं, "गुरुजी, तुमाले गोंडी समजत नाई, मंग सगळं गावच मंद हाय का?" दुसऱ्या दिवसापासून ते तिला तोंडी विचारण्याऐवजी फळ्यावर लिहायला बोलावू लागले, आणि फळ्यावर तिने त्यांना असं काही गणित करून दाखवलं की पुढे तेच सगळ्यांना सांगत फिरले. चिडण्याचा असा फायदा क्वचित होतो, म्हणून हा लक्षात राहिला.

घोळ झाला तो हिवाळ्यात. पाणी ओतायचं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. कधी थांबायचं हे सांगायला मी विसरले, आणि विचारावं असं कोणाला वाटलं नाही. आमच्याकडचा पूसमधला, म्हणजे पौषातला, गारठा म्हणजे माणसं शेकोटी सोडून हलत नाहीत. अशा एका सकाळी माझी मुलगी शाळेतून घरी आली ती नखशिखांत भिजलेली, ओठ निळे, आणि तोंडात होते तेवढे दात एकमेकांवर वाजत. मी पळत शाळेत गेले. गुरुजी कानटोपी घालून, शाल पांघरून शिकवत होते आणि माठात ताजं पाणी भरून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "गुरुजी, थंडी हाय." ते म्हणाले, "ताई, तुम्ही दर तासाला म्हणाला होता." वाटेत एका म्हातारीने मला थांबवून अभिमानाने सांगितलं, "सकाळी मीबी टाकलो एक गुंड पाणी तिच्या अंगावर." गावाच्या मायेला ऋतू नव्हता.

तरी शाळेचं बरं होतं. खरं संकट मे महिना. मे महिन्यात आमचं गाव जंगलात राहतं. तेंदूपत्त्याचा हंगाम पंधरवडाभरच चालतो, आणि वर्षाचा हातखर्च त्यातच निघतो. पहाट व्हायच्या आधी लहानथोर सगळे निघतात, विडीची कोवळी पानं तोडतात, दहाच्या आत घरी येतात. मग सावलीत बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून वाळत घालण्याच्या जागेवर, न्यायचे. पोरांची शाळा सुटलेली असते. त्यांना तर ही जत्राच. आणि माझी मुलगी घरात, पाण्याच्या टाक्यात. नवऱ्याने तिच्यासाठी अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं होतं, वर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव. ती त्यात गळ्यापर्यंत बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची की कुठी चालले. ते सांगायचे, तेंदूले. हिला ते माहीत असायचं, तरी विचारायची.

तेव्हा तिला सोबत एकच, गावाचा गायता. गायता म्हणजे गावाच्या देवाचं पाहणारा म्हातारा, ग्रामसभेत शब्द त्याचा शेवटचा. गुडघ्यांमुळे तोही जंगलात जायचा नाही. दोघांचं जमायचं, कारण दात दोघांनाही मोजकेच. पुढे चंद्रपूरला तिच्यासाठी कवळी करून घेतली, तर गायत्याला आपल्यातलं माणूस फुटल्यासारखं वाटलं. म्हणायचा, "एक दिवस मले दे ना गा ते दात. मटन खातो आन् धुऊन देतो." ती म्हणायची, "तुमच्या तोंडात नाई बसत." तो म्हणायचा, "बसवतो ना." मी मध्ये पडून ती कवळी डब्यात घालून फडताळात उंच ठेवून द्यायचे. दोघांचा काही नेम नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ती चौथी पास झाली. जूनमध्ये पाचवीसाठी बसने धानोऱ्याला जायचं होतं. तिथे येर म्हणणारी पोरं नव्हती, घंटेला पाणी ओतणारे गुरुजी नव्हते. माझी झोप त्या विचारानेच उडाली होती. मी अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं वजन करून, भात भरवून घरी पाठवते. त्यांच्या आयांना सांगते, उगाच काळजी करू नका. घरी आले की स्वतःच्या लेकराच्या मागे ओला दुपट्टा घेऊन धावते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकाकडे बघतसुद्धा नव्हते.

अशात ती एके दिवशी बापाला म्हणाली, "मले ह्या वर्षी तेंदूले यायचं हाय."

बाप म्हणाला, "आईले विचार."

मी म्हटलं, नाही. ती गप्प बसली. मला वाटलं विषय संपला. माझी मुलगी गप्प बसली की विषय सुरू होतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

हंगामाआधीची ग्रामसभा भरली. आमच्याकडे गोटूल म्हणून गावाने मिळून बसायची जागा असते, तिथे मांडवाखाली सगळे जमले. कोणत्या दिवशी तोडणी सुरू करायची, कोणत्या अंगाने जंगलात शिरायचं, हे ठरवायचं होतं. बोलणी अर्ध्यावर आली तेव्हा गायत्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "अजून कोणाचं काई हाय का?"

पोरांच्या घोळक्यातून माझी मुलगी उठली. "माझं हाय."

"बोल."

"मले तेंदूले यायचं हाय."

मला वाटलं लोक हसतील, आणि गायता तिला खाली बसवेल. कोणी हसलं नाही. गायत्याने तळ्यातल्या माशांचा विषय मांडावा तसा तिचा विषय मांडला. "हे पोरगी म्हणते का तिले तेंदूले यायचं हाय. कोणाले काई म्हणाचं हाय का?" एकाने सांगितलं की नाल्याच्या अंगाचं जंगल आधी घेऊ, तिथे डोहात अजून पाणी आहे आणि डोंगराआड ऊन उशिरा येतं. दुसरा म्हणाला, मग पहिले दिवस दहाऐवजी नवालाच परतू. माझी जाऊ म्हणाली, "मी नेतो तिले माह्यासंग." एकेक करत सगळ्यांचं 'हो' आलं. नवराही काहीतरी पुटपुटला. मग गायत्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझं नाई हाय," मी म्हटलं.

"बरं," गायता म्हणाला. आणि सगळे बसून राहिले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे बसणं कळत नाही. कोणी रागाने बघत नाही की उसासा टाकत नाही. एकजण झाडूसाठी बांबूच्या कमट्या काढत होता, तो काढतच राहिला. बायका चिंचा सोलत होत्या, त्यांनी आणखी चिंचा घेतल्या. नाल्याचं जंगल आधी घ्यायचं की नाही हे मुलीच्या येण्यावर ठरणार, आणि ते ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरणार नव्हतं. मी घामाने भिजले. अंधार पडल्यावर गायता म्हणाला, "उद्या बसू."

घरी आल्यावर मी नवऱ्याला धरलं. "तुमी सभेत काय म्हणले?"

"हो म्हणलो."

"मले ऐकू नाई आलं."

"सगळ्यांसंग म्हणलो ना," तो म्हणाला आणि बैल बांधायला गेला. आमचे बैल तासभर आधीच बांधलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीने बसले होते. येऊ दे कोणी समजवायला, एकेकाला सांगते, असं मनात होतं. दिवसभर कोणी आलं नाही. आलं ते एक पोर, चारोळ्यांची पुडी घेऊन, "आईनं देल्ली" म्हणत. मग शेजारणीने सांडगे आणून दिले. नळावर बायका माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या. मला भांडायचं होतं, आणि सगळ्या गावात भांडायला माणूस मिळत नव्हतं. ज्याचं भांडण अंगात राहतं त्याचं काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं. मी दुपारी विनाकारण सगळी भांडी घासली.

संध्याकाळी पुन्हा सभा. पानं तयार झाली होती. आणखी लांबलं तर निबर होणार, आणि एखादं वादळ आलं, गारा पडल्या, तर पानांना भोकं पडून कोणी घेणार नाही. पानं विकत घेणाऱ्याचा माणूस सकाळीच मोटरसायकलवर येऊन चौकशी करून गेला होता. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी एक शब्द काढत नव्हतं. कमट्या निघत होत्या. चिंचा संपल्या म्हणून बायकांनी मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडायला घेतल्या.

शेवटी मीच फुटले. "अरे, तुमी बोला तरी काई."

गायता म्हणाला, "तूच बोल वो बाई. 'नाई' त तुझं हाय."

मग मी बोलले. जे मी तिथे कोणालाच नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती दोन वर्षांची असताना मी माहेरून बसने येत होते. मे महिना, दुपारची वेळ, बस खच्चून भरलेली. ती माझ्या मांडीवर तापत गेली. मला वाटलं झोपली आहे. मग तिचे डोळे वर गेले आणि अंग ताठ झालं. आकडी होती. मी ओरडले, बस थांबली, कोणीतरी बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं, कंडक्टरने स्वतःची बाटली ओतली, आणि ती परत आली. पण मधला जो वेळ गेला, त्या वेळात माझी मुलगी मेली आहे असं मी धरून चालले होते. आजही ऊन चढलं की मला ती बस दिसते. हे सांगताना माझा घुग्घुसचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

ह्या वेळी कमट्यासुद्धा थांबल्या होत्या.

"आमाले हे मालूम नव्हतं," गायता म्हणाला. मग त्याने विचारलं, "ती तापून राह्यली, हे वळखाचं कसं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "पयले माझे कान गरम होते. मंग डोकं दुखते. मंग मले राग येते."

"राग त तुह्या मायलेबी येते," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सभा हसली. मीही हसले असते. पण कानांचं मला माहीत नव्हतं. आठ वर्षं मी त्या पोरीवर पाणी ओतत होते, तिचा ताप मोजत होते, आणि सगळ्यात आधी तिचे कान गरम होतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिला विचारलं ते गायत्याने.

जाऊ म्हणाली, "मी तिचे कान पायत राहीन." दुसरी म्हणाली, "मीबी पाहीन." अशा रीतीने माझ्या मुलीचे कान गावाच्या ताब्यात गेले.

मी म्हटलं, "बरं. पण मीबी संग येईन."

लोक हलले. कोणी पाय मोकळे केले, कोणी तंबाखूची चंची काढली. झालं एकदाचं, असा आवाज मांडवात फिरला. तेवढ्यात मुलगी पुन्हा उठली.

"आई येत असन त माझं नाई हाय."

चंच्या परत बंद झाल्या. गायत्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "काऊन?"

"आई आली त मले पान तोडू देत नाई. पाणीच टाकत रायते. मंग सगळे आईकडेच पायत बसतेत." आणि ती खाली बसली.

मी गावाकडे पाहिलं. एकाही चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण सगळे चेहरे ते आवरण्यात गुंतले होते. आता नियमाप्रमाणे 'नाही' तिचं होतं, आणि दहा वर्षांच्या पोरीचं 'नाही' म्हातारीच्या 'नाही'पेक्षा हलकं नसतं. माणसं पुन्हा टेकून बसली. एकजण नवा बांबू आणायला उठला. माझा नवरा जमिनीकडे बघत होता, जणू तिथे काही उगवणार होतं. मी मुलीकडे पाहिलं. ती मांडी घालून, हनुवटी वर करून बसली होती. पाऊसपाणी सुरू होईपर्यंत ती तशीच बसू शकते, हे तिथे फक्त मलाच ठाऊक होतं, कारण तो हट्ट तिने माझ्याकडूनच घेतला होता.

"जा," मी म्हटलं.

"जा नाई चालत," गायता म्हणाला. "हो म्हणा लागते."

"हो," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी एवढा लहान शब्द एवढ्या कष्टाने कधी उच्चारला नाही. लग्नातसुद्धा नाही.

तोडणीच्या पहिल्या पहाटे मी तिच्यासाठी तयारी केली. पाण्याच्या बाटल्या, दोन ओले दुपट्टे, साखर-मिठाची पुडी, टोपी, छत्री, आणखी एक टोपी. तिने पिशवी उलटी केली, बाटल्या आणि एक दुपट्टा घेतला आणि बाकी सगळं मला परत दिलं. छत्री हातात देताना म्हणाली, "आई, मी पान तोडाले चाललो, लग्नाले नाई." बॅटरीच्या उजेडात माणसांची रांग जंगलाकडे वळली. वाघाच्या भीतीने लोक एकमेकांना हाका मारत चालतात, त्या हाका मी लांबवर ऐकत राहिले. वाघाचं मला काही वाटत नव्हतं. मला नवाच्या उन्हाचं वाटत होतं.

गाव रिकामं झालं. मी अंगण झाडलं. मग पुन्हा झाडलं. अंगणातल्या रिकाम्या टाक्यात पाणी भरून ठेवलं. गायता काठी टेकत आला, पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. मघा म्हटलं ना, बसण्यात ह्या गावाचा हात कोणी धरणार नाही. पण त्या दिवशी त्याचं बसणं मला बरं वाटलं. ऊन अंगणात उतरलं तेव्हा मात्र माझ्याने राहवेना. मी गावाबाहेर, जिथून जंगलाची वाट दिसते तिथे जाऊन उभी राहिले. सावली मागेच राहिली होती. सावलीतून वळण दिसत नव्हतं, म्हणून मी उन्हात उभी राहिले. डोक्यावर पदर घ्यायचंही सुचलं नाही.

आधी हाका ऐकू आल्या. मग वळणावर डोक्यावर पानांची ओझी घेतलेली माणसं दिसू लागली. मी एकेक चेहरा बघत गेले. ती बायकांच्या मधोमध होती. केसांतून पाणी निथळत होतं, पाय गुडघ्यापर्यंत डोहाच्या चिखलाने माखलेले, आणि डोक्यावर पानांचं एक लहानसं ओझं, फार मोठं असल्यासारखं दोन्ही हातांनी धरलेलं. मी पळत गेले. तिच्या कपाळाला हात लावला, मग कान धरून पाहिले, आधी एक, मग दुसरा.

गार होते.

तिने मान मागे घेतली. "आई, हात काढ. तुझाच हात किती गरम हाय." मग ओझं एका हाताने सांभाळत तिने माझं मनगट धरलं. "सावलीत चाल बरं तू." तिने मला गावातल्या पहिल्या घराच्या सावलीपर्यंत ओढत नेलं, बसवलं, स्वतःची बाटली माझ्या हातात दिली आणि पुडे बांधायला पोरांच्या मागे निघून गेली.

मी तिथे बसून रडले. लपवलं नाही. जाऊ ओझं उतरवून माझ्याजवळ आली. "काऊन रडून राह्यली वो? पोट्टी त आली ना."

"आली म्हणूनच," मी म्हटलं आणि बाटलीतलं पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी अंधारातच जाऊने दारातून हाक मारली. मुलगी उठली. तिने बाटल्या भरल्या, दुपट्टा भिजवला, पिळला, डोक्याला बांधला. कडी काढायच्या आधी ती माझ्या अंथरुणाजवळ येऊन जराशी थांबली. मी जागीच होते. डोळे मिटून पडून राहिले.